न निघालेली दहा वर्षं

शातो दिकेमची वाइन १९१० साली निघाली नाही. १९१५ साली नाही, १९३० साली नाही. मग १९५१ आणि १९५२, लागोपाठ दोन वर्षं. पुढे १९६४, १९७२, १९७४, १९९२, आणि अगदी अलीकडे २०१२. शंभराहून थोड्या जास्त वर्षांत अशी दहा वर्षं. त्या त्या हंगामातही वेली जागेवर होत्या, छाटणी झाली होती, मजूर लागले होते. बहुतेक वेळा रस निघून पिंपातही गेला होता. पण चाखणाऱ्यांनी चाखलं, मान हलवली, आणि त्या साली दिकेमचं लेबल लागलेली गोड वाइन बाजारात आली नाही. जी काही झाली होती ती बिननावाची, घाऊक भावात विकली गेली.

फ्रान्समधल्या या इस्टेटीबद्दल बरंच काही वाचण्यासारखं आहे. राजे आहेत, झारचा भाऊ आहे, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आहे. तरी मला तिच्याकडे ओढलं ते या दहा आकड्यांनी. कारण मी द्राक्षाच्या घरातली आहे. निफाड तालुक्यात आमची बाग. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत घरातलं सगळं बोलणं आभाळाभोवती फिरतं. फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि कूज, दमट हवा टिकली तर केवडा, ढगाळ राहिलं की भुरी (दोन्ही बुरशीचे रोग), आणि माल तयार होत असताना पाणी पडलं तर मणी तडकणार. २०१४ची गारपीट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळीही नाही. पण वर्ष कितीही वाईट गेलं तरी उरलेला माल गोळा करून, व्यापारी देईल त्या भावाला देऊन टाकायचा असतो. सोसायटीचं कर्ज आभाळाकडे बघत नाही. ‘यंदाचा माल आपल्या नावाला शोभत नाही, तेव्हा विकायचा नाही’ हे वाक्य आमच्या ओट्यावर कुणी उच्चारलं असतं तर घरातल्यांनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली असती.

म्हणून मला समजून घ्यायचं होतं, की हे कुणाला जमतं आणि कसं.

बोर्दो शहराच्या आग्नेयेला, चाळीसएक किलोमीटरवर सोतेर्न हे छोटं गाव आहे. आजूबाजूचा प्रदेशही त्याच नावाने ओळखला जातो. गारोन ही इथली मोठी नदी. तिला सिरों नावाची एक लहान नदी येऊन मिळते. सिरों लांद प्रदेशातल्या दाट रानातून, झाडांच्या सावलीतून येते, त्यामुळे तिचं पाणी थंड असतं. गारोनचं पाणी त्या मानाने कोमट. शरद ऋतूत रात्री गार पडू लागल्या की या दोन पाण्यांच्या भेटीतून धुकं उठतं आणि पहाटे बागांवर येऊन बसतं. दुपारपर्यंत ऊन त्याला पांगवतं. सकाळी ओल, दुपारी ऊन आणि वारा. सगळा खेळ या क्रमाचा आहे. क्रम टिकला तर एक प्रकारची वाइन, बिघडला तर काहीच नाही.

धुक्याबरोबर येते ती बोट्रायटिस नावाची बुरशी. आमच्याकडे द्राक्षावर करडी बुरशी दिसली की पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. सोतेर्नलाही संततधार लागली की हीच बुरशी घडाचा चिखल करते. पण पिकलेल्या, पातळ सालीच्या सेमियों द्राक्षावर ती सकाळच्या ओलीत रुजली आणि दुपारच्या कोरड्या हवेने तिला आवर घातला, तर ती सालीला अतिसूक्ष्म छिद्रं पाडते आणि मण्यातलं पाणी उडून जाऊ लागतं. मणी आधी तपकिरी, मग जांभळट होतो, मग सुरकुततो. साखर आणि आम्ल आत आटून घट्ट होतात आणि बुरशी स्वतःच्या करणीने काही नवे स्वाद त्यात मिसळते. फ्रेंच शेतकरी या अवस्थेला ‘उदात्त कूज’ म्हणतात. दिसायला ती अजिबात उदात्त नसते. घडावर राखाडी केसाळ थर असतो, मणी मेल्यासारखे लोंबत असतात. पहिल्यांदा असा घड हातात घेतला तेव्हा माझा हात आपोआप तो तोडून फेकायला निघाला होता. लहानपणापासून हाताला तेच शिकवलेलं.

एकाच घडात दहा मणी असे आटलेले, वीस नुसते पिकलेले आणि पाच खरोखर सडलेले असू शकतात. त्यामुळे घड एकदम कापून चालत नाही. दिकेममध्ये तोडणीच्या काळात सुमारे दोनशे माणसं लागतात, आणि ती एकाच ओळीतून पुन्हापुन्हा जातात. या प्रत्येक फेरीला तिथे ‘त्री’ म्हणतात. साधारण पाच-सहा फेऱ्या होतात, कधी त्याहून जास्त. सप्टेंबरात सुरू झालेलं काम नोव्हेंबरपर्यंत लांबू शकतं. मध्ये पाऊस आला की सगळे थांबतात. मण्यात शिरलेलं पाणी वाऱ्याने पुन्हा बाहेर जाईपर्यंत वाट बघायची, आणि ते जाईलच याची हमी कुणी देत नाही. आमच्याकडच्या माणसाला या थांबण्याची किंमत लगेच कळेल: रोजंदारीवरची माणसं हाताशी ठेवायची, आणि तयार माल आभाळाच्या भरवशावर वेलीवर सोडून द्यायचा.

उत्पन्न किती? हेक्टरी सरासरी आठशे-नऊशे लिटर. बोर्दोतल्या रेड वाइनच्या चांगल्या बागा हेक्टरी चार ते पाच हजार लिटर देतात. दिकेममध्ये सांगतात की एका वेलीला एक पेला. शंभरएक हेक्टर उत्पादनातल्या बागेचा हा हिशेब. वेली उपटल्या की ती जमीन काही काळ पडीक ठेवतात, आणि नव्या लावलेल्या वेलींचा माल पहिली काही वर्षं मुख्य वाइनमध्ये घेत नाहीत. म्हणजे लागवडीखाली येऊ शकणाऱ्या जमिनीचा एक भाग कायमच वाट बघत असतो.

जमिनीबद्दलही सांगायला हवं. इस्टेट टेकडीवर आहे. वर खडी-वाळू, खाली चिकणमाती. खडी ऊन धरून ठेवते आणि माती पाणी. पण माती जास्त पाणी धरून ठेवते म्हणून एकोणिसाव्या शतकात इथे जमिनीखालून निचऱ्याचे नळ घालायला सुरुवात झाली. त्यांची एकूण लांबी सुमारे शंभर किलोमीटर भरते. नाशिकला ठिबकच्या नळ्यांनी पाणी आणायचं, इथे नळांनी ते बाहेर काढायचं. जमिनीखाली, कुणाला कधी दिसणार नाही अशा ठिकाणी इतका पैसा पुरणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

ही माणसं कोण होती? १५९३ पासून सोवाज घराणं इथे होतं. आधी राजाच्या मालकीची जमीन कसणारं, मग मालक. १७८५ साली या घराण्याची वारस फ्रांस्वाझ जोसेफीन हिचं लग्न ल्युर-साल्यूस घराण्यातल्या लष्करी अधिकाऱ्याशी झालं. तीन वर्षांत नवरा गेला. ती तेव्हा विशीत होती. लगेच पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती. सरदार घराण्याची तरुण विधवा, आसपास जमिनी जप्त होताहेत, ओळखीची माणसं गिलोटिनवर जाताहेत. तिलाही तुरुंगवास घडला. तरी तिने इस्टेट सोडली नाही. पुढची साठएक वर्षं, १८५१ मध्ये जाईपर्यंत, दिकेमचा कारभार तिच्या हातात होता. वाइनसाठी स्वतंत्र कोठार बांधणं, तोडणीची शिस्त बसवणं, परदेशातल्या गिऱ्हाइकांशी थेट व्यवहार करणं ही कामं तिच्या काळात झाली. दिकेमच्या इतिहासात पाहुण्यांची नावं फार घेतली जातात आणि हिचं फार कमी, याचं मला वाईट वाटतं. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन १७८७ साली बोर्दोला आला, त्याने १७८४ सालच्या दिकेमच्या अडीचशे बाटल्या मागवल्या, पुढे जॉर्ज वॉशिंग्टनसाठीही मागवल्या, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण त्या बाटल्यांमागची बाग क्रांतीतून सुखरूप पलीकडे गेली ती एका बाईच्या जिद्दीवर.

ती गेल्यानंतर चार वर्षांनी, १८५५ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी वाइनची प्रतवारी लावली. बाजारात वर्षानुवर्षं मिळालेला भाव हा त्यांचा आधार. लाफीत, लातूर, मार्गो, ओ-ब्रियाँ या रेड वाइन पहिल्या प्रतीत बसल्या. गोड पांढऱ्या वाइनच्या यादीत दिकेमसाठी मात्र पहिल्या प्रतीच्याही वरची, एकटीची पायरी करावी लागली. १८५९ मध्ये झारचा भाऊ ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटाइन याने १८४७ सालच्या दिकेमच्या नऊशे लिटरांना वीस हजार फ्रँक मोजले, आणि युरोपभर चर्चा झाली. १८११ सालची, म्हणजे आकाशात मोठा धूमकेतू दिसला त्या वर्षीची एक बाटली २०११ मध्ये पंचाहत्तर हजार पौंडांना विकली गेली. दोनशे वर्षांची बाटली! साखर, आम्ल आणि मद्यार्क तिघांनी मिळून तिला राखलेलं असतं. नवी असताना फिकट सोनेरी, मग मधाळ, मग चहाच्या रंगावर, शेवटी महोगनीसारखी गडद.

वाइनची वर्षं लक्षात ठेवणाऱ्यांना एक गोष्ट मी नेहमी सांगते: बोर्दोचं वर्ष आणि सोतेर्नचं वर्ष एकच असेल असं धरून चालू नका. रेड वाइनच्या बागांना निरोगी, कोरडं द्राक्ष हवं असतं. सोतेर्नला तेच द्राक्ष आधी नीट पिकायला हवं आणि मग नेमकं आजारी पडायला हवं. १९६१ हे रेडचं थोर वर्ष, सोतेर्नमध्ये ते तसं गाजलं नाही. १९६७ उलटं. रेड साधारण, आणि दिकेम मात्र गेल्या शतकातल्या सर्वोत्तमांत गणली जाते. २००७ मध्येही तसंच झालं. ओलसर उन्हाळ्याने रेडवाले हिरमुसले आणि सोतेर्नला लांबलेल्या शरद ऋतूने हात दिला.

थोर वर्षांची यादी जुन्या लोकांना तोंडपाठ असते. १९२१चा तापलेला उन्हाळा. १९३७. युद्ध संपल्यावरची १९४५ आणि १९४७. १९७५ आणि १९७६ ही जोडी, आणि १९८८, १९८९, १९९० हे सलग त्रिकूट. हे त्रिकूट मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं, कारण तीनही वर्षं उत्तम आणि तीनही वेगळी. १९८८ला धुकं वेळेवर आलं, काम सावकाश, ठाय लयीत झालं आणि वाइन सडपातळ, ताठ निघाली. १९८९ आणि १९९० उष्ण वर्षं; द्राक्ष आधीच साखरेने भरलेलं, त्यावर बुरशी बसली, त्यामुळे दोन्ही भरदार, त्यातही १९९० सगळ्यांत श्रीमंत. मग २००१. उन्हाळा ठीक, सप्टेंबरात पाऊस, बुरशी सगळीकडे सारखी पसरली आणि पुढे कोरडी हवा. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तिला शंभरपैकी शंभर गुण दिले. गुणांचं मला फारसं महत्त्व वाटत नाही, पण त्या वर्षी आभाळाने एकही पायरी चुकवली नाही हे खरं.

आता पुन्हा त्या दहा वर्षांकडे.

१९१५ मध्ये युद्ध चालू होतं. गडीमाणसं आघाडीवर आणि शातोमध्ये, म्हणजे इस्टेटीच्या वाड्यात, जखमी सैनिकांचं रुग्णालय. ते वर्ष दमट होतं, बोर्दोभर केवड्याने कहर केला. केवड्यावरचा उपाय बोर्दोवाल्यांनीच शोधला होता. १८८०च्या दशकात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने बोर्दोजवळच्या मेदॉक भागात पाहिलं, की रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून मोरचूद आणि चुना मारलेला आहे, आणि नेमक्या त्याच वेलींची पानं हिरवी राहिली आहेत. त्यातून बोर्दो मिश्रण आलं. आमच्या शेडमध्ये मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करतात तेच हे मिश्रण, नावासकट. १९१५ मध्ये उपाय ठाऊक होता, पण फवारणारे हात खंदकांत होते. हे वाचताना मला त्या गावच्या बायका दिसत राहिल्या. समोर पानं तेलकट डागांनी भरताहेत, पंप पाठीवर घ्यायला माणूस नाही.

१९५२ला गारांनी पीक झोडपलं. त्यात निर्णय घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. १९६४ ची गोष्ट निराळी. उन्हाळा सुंदर गेला, सगळे मोठ्या वर्षाची वाट बघत होते, आणि ऑक्टोबरात पाऊस लागला तो थांबेना. जे लवकर तोडून मोकळे झाले ते वाचले. दिकेमचा स्वभावच थांबण्याचा, म्हणून तिचं सगळं गेलं. थांबणाऱ्याला हे भोगावं लागतं, आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा थांबायचं असतं.

मला सगळ्यांत धाडसाची वाटतात ती १९७२ आणि १९७४. अलेक्झांद्र द ल्युर-साल्यूस यांनी १९६८ मध्ये कारभार हातात घेतला तेव्हा गोड वाइनचे दिवस फिरले होते. लोकांना कोरडी वाइन हवी होती, भाव पडले होते, सोतेर्नमधल्या कित्येक बागा जेमतेम तग धरून होत्या. अशा काळात तीन वर्षांच्या अंतरात दोन हंगाम नाकारणं म्हणजे दोन वर्षं नुसता खर्च. वर वाइन नव्या ओकच्या पिंपात तेव्हा तीन वर्षांहून जास्त ठेवायची प्रथा, म्हणजे आज नाकारलेल्या वर्षाचा खड्डा तिजोरीत तीन-चार वर्षांनी दिसणार. त्यांनी ते केलं. लेबलवर छापलेल्या सालाला अर्थ यायचा तर काही सालं कोरी जाऊ द्यावी लागतील, हे त्यांना कळलं होतं आणि त्याचे पैसे मोजायची त्यांची तयारी होती.

पुढे घराण्यात फूट पडली. १९९६ मध्ये नातेवाइकांनी आपले हिस्से एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तू बनवणाऱ्या बड्या उद्योगसमूहाला विकायचं ठरवलं, अलेक्झांद्र भांडले, १९९९ मध्ये समेट झाला आणि २००४ मध्ये ते पायउतार होऊन घराण्याच्या जुन्या फार्ग या बागेत परतले. २०२३ मध्ये ते गेले. त्यांच्यानंतर पिएर ल्युर्तों यांच्याकडे सूत्रं आली, आणि २०१२चा नकार नव्या मालकांच्या काळातला. अनेकांना भीती होती की कंपनीच्या हातात गेल्यावर एकही साल सुटणार नाही. ती खोटी ठरली याचा मला आनंद आहे. तरी १९७४ आणि २०१२ यांना मी एका तराजूत घालणार नाही. पाठीशी हातपिशव्या, अत्तरं आणि शॅम्पेनचा धंदा असताना एक वर्ष सोडता येतं. सोतेर्नमधल्या पाच-दहा हेक्टरवाल्या शेतकऱ्याला ते कसं परवडावं? त्याने २०१२ची वाइन काढली असेल तर त्याला नावं ठेवायचा हक्क कुणालाच नाही. त्या जागी मला निफाडचे चेहरे दिसतात. आपल्याकडे पीक विमा खरोखर वेळेवर हातात पडला असता तर आपल्यातही ‘यंदा नको’ म्हणणारे बागाईतदार निघाले असते. शेतकऱ्याची नजर तीच असते. बाजूला किती पैसा आहे, फरक एवढाच.

मी दिकेम थोडीशी प्यायले आहे. बोर्दोत राहणाऱ्या एका स्नेह्यांनी १९८८ची अर्धी बाटली उघडली, आम्ही पाचजणांत वाटून घेतली. आधी वास: केशर, सुकं जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. मग जिभेवर दाट गोडी, आणि ती चिकट व्हायच्या आत मागून आम्ल येऊन सगळं उचलून धरतं. घोट गेल्यावरही कितीतरी वेळ काहीतरी चालू राहतं. गोड पदार्थाचा कंटाळा लवकर येणारी मी, शेवटचा थेंब संपल्यावर रिकामा पेला हुंगत बसले होते. जोडीला निळी बुरशी धरलेलं रॉकफोर चीज होतं. खारट आणि गोड असे एकत्र आले की आपल्याकडच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

पुढे काय होईल याची चिंता मला वाटते. बोर्दोचे उन्हाळे तापताहेत. २००३च्या उष्णतेच्या लाटेत सगळा हंगाम घाईने उरकला. कळ्या लवकर फुटतात आणि मग एप्रिलचं हिमतुषार त्यांना जाळून जातं. २०१७ मध्ये तसं झालं, २०२१ मध्ये तर सोतेर्नची दाणादाण उडाली आणि दिकेमलाही फारच थोडी वाइन मिळाली. साखर आता सहज भरते, अडचण ती नाही. आम्ल टिकायला हवं आणि धुकं यायला हवं. धुकं सिरोंच्या गारव्यावर अवलंबून, गारवा काठच्या झाडांवर. तिथल्या बीचच्या रानाचा अभ्यास शास्त्रज्ञ करताहेत, ते जपायला हवं असं गावकरीही म्हणतात. नदीकाठची झाडं तुटली तर तळघरातलं कुठलंही यंत्र धुकं बनवून देणार नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर ऑक्टोबरात जा, पहाटे उठा, आणि गाडी सोडून पायी फिरा. दिकेममध्ये आगाऊ वेळ ठरवून जाता येतं. बाटलीची किंमत ऐकून परत फिरू नका. शेजारच्या बार्साकमधली कुते किंवा सोतेर्नमधली गिरो याही १८५५च्याच यादीतल्या पहिल्या प्रतीच्या बागा, तीच बुरशी, तशाच फेऱ्या. त्यांची अर्धी बाटली त्या मानाने खूप स्वस्तात मिळते. साल बघून घ्या, शक्य तर २०१५सारखं. घरी आणल्यावर मात्र ती आपल्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवू नका. गार, अंधारी जागा बघा, आडवी ठेवा, आणि दहा वर्षं तरी हात लावू नका.